सुप्याची चौकट

आत्याचं सासर सुप्याचं. बेळगावच्या आमच्या घरी सुप्याहून कुणी आलं की सोप्यात पोतं टेकवलं जायचं आणि त्यातून फणस, सुरण, मधाची बाटली असं काहीबाही निघायचं. मी सातवीत असताना आत्याच्या पत्रावरचा पत्ता बदलला. सुप्याच्या जागी रामनगर आलं. नव्या गावाला पोस्टमन कसा पोचणार, याची आजोबांना काळजी लागली होती, एवढंच मला आठवतं. आत्याचं घर, घरासमोरची वाट, ती वाट ज्या बाजारात जायची तो बाजार, सगळं पाण्याखाली गेलं होतं, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

बेळगावहून रामनगर जवळ. खानापूर, लोंढा केलं की दोनेक तासांत आत्याचं दार. पण या मार्गशीर्षात मी मुद्दाम लांबचा फेरा घेतला. आधी कारवार, तिथून अणशी घाट चढून अणशी, मग कुंभारवाडा, उळवी, जोयडा, सुपा धरण आणि सगळ्यात शेवटी आत्या. काळी नदी जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून सदाशिवगडाखाली समुद्राला मिळते. मला तिच्या मुखापासून वर चढत जायचं होतं.

कारवारात एकच दिवस होते. टागोर किनाऱ्यावर 'आयएनएस चपळ' ही नौदलाची क्षेपणास्त्र नौका वाळूत आणून उभी केली आहे. तिच्या पोटात शिरून मुलं तोफेपाशी फोटो काढत होती. किनाऱ्याला टागोरांचं नाव आहे त्याचं कारण त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ. ते इथे जिल्हा न्यायाधीश होते. ऐन विशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले आणि 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथे लिहिलं. जवळच रॉक गार्डन आहे. जिल्ह्यातल्या हालक्की, सिद्दी, गवळी, कुणबी या समाजांची घरं आणि माणसं तिथे पुतळ्यांच्या रूपात मांडली आहेत. कुणबी बाईच्या पुतळ्यापुढे मी बराच वेळ थांबले. खांद्यावर गाठ मारलेलं लुगडं, गळ्यात पोवळ्यांच्या माळा, सगळं नीट केलंय. पण पुतळ्याच्या हातात काय असायला हवं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी अणशीत कळलं.

कद्र्यापर्यंत रस्ता नदीच्या संगतीनं जातो. कद्रा धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. त्याच पाण्यावर वरच्या अंगाला कैगा अणुवीज केंद्र आहे. २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या. त्यातली पहिली मे २०१६ ते डिसेंबर २०१८ अशी सलग ९६२ दिवस चालली आणि तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला. एकाच नदीवर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा एवढी धरणं. कर्नाटकातल्या किती तरी शहरांचे दिवे या एका नदीवर लागतात. ते दिवे मलाही हवे आहेत, माझ्या घरातले पंखे काही वेगळ्या विजेवर फिरत नाहीत. म्हणूनच या नदीनं आणि तिच्या माणसांनी काय दिलं याची नोंद कुठे तरी हवी, असं मला वाटतं.

कद्र्यानंतर घाट सुरू होतो. २०२१च्या जुलैतल्या अतिवृष्टीत इथे डोंगराचा मोठा भाग रस्त्यावर आला होता. तो तुटलेला कडा आता हिरवा होऊ लागलाय, पण खालची लाल माती अजून दिसते. वळणावळणाला गारवा वाढत जातो. खिडकीतून येणारा वास आधी खाऱ्या वाऱ्याचा होता, मग ओल्या पालापाचोळ्याचा झाला. गाडीतले सगळे आपसूक हळू बोलू लागले.

अणशी म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेली घरं आणि सभोवार जंगल. १९८७ साली इथलं अडीचशे चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान झालं. दांडेलीचं अभयारण्य त्याच्याही आधीचं, १९५६चं. २००७मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५च्या अखेरीस त्याला नदीचंच नाव मिळालं, काळी व्याघ्र प्रकल्प. पश्चिमेला गोव्याचं मोलें आणि खोतीगाव लागूनच. वाघाला राज्याची सीमा दिसत नसल्यानं हे सारं मिळून त्याचं एकच घर आहे. काळ्या बिबट्यासाठीही हे रान प्रसिद्ध आहे.

मी एका कुणबी कुटुंबात उतरले. घरातल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. मी दारात चप्पल काढतेय तोच त्या म्हणाल्या, "यो गे बाय, बस." त्यांची कोकणी आणि माझी मराठी यांत कुठे भिंत लागली नाही. हा भाग १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. कारवार, सुपा, हल्याळ ही नावं सीमाप्रश्नाच्या कागदांत आमच्या पिढीनं सतत वाचली. पण कागदावरची भाषा निराळी. अणशीच्या ओसरीवर आजी कोकणीत, त्यांचा नातू कन्नडात आणि मी मराठीत बोलत होते आणि चुलीवरच्या भाताला काही अडलं नाही.

संध्याकाळी आजींनी परसात नेलं. परस म्हणजे मला वाटलं चार केळी आणि अळू असेल. त्यांनी कुदळीनं एक वाफा उकरला आणि आतून मुडली निघाली. मुडली म्हणजे अळवाच्या जातीतला एक मोठा कंद. हाताच्या कोपराएवढा, वर तपकिरी केसाळ साल. मग काटेकणंग, मग कोनफळ, सुरण, लहान गाठीचे अळूकंद. झाडावर चढवलेल्या एका वेलाला हवेत लोंबणारे कंद धरले होते. आजींनी बोटं मोडत मला नऊ प्रकार मोजून दाखवले. प्रत्येकाची लावायची वेळ वेगळी, उकडायची रीत वेगळी, खाज घालवायची युक्ती वेगळी. पाऊस लागायच्या आधी कंदांची डोकी पुरायची, वर पालापाचोळ्याचं जाड पांघरूण घालायचं, वेल शेजारच्या झाडावर सोडायचा आणि मार्गशीर्ष-पौषात काढायचं. काढताना पुढच्या वर्षीचं डोकं बाजूला ठेवायचं. पुतळ्याच्या हातात मला हवी होती ती ही कुदळ आणि हे बाजूला ठेवलेलं डोकं.

रात्री उकडलेली मुडली, खोबरेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. सोबत आंबट सार. मुडली जिभेवर लोण्यासारखी विरघळते आणि मागे किंचित गोडवा राहतो. "आनीक घे," म्हणत आजींनी तिसरा तुकडा वाढला. जोयड्याला दरवर्षी कंदांचा मेळावा भरतो. कुणबी बायका डोक्यावरून पाट्या आणतात आणि बेळगाव-गोव्याकडून माणसं खास विकत घ्यायला येतात. आजी दरवर्षी जातात. एक गोष्ट त्यांनी अभिमानानं सांगितली. एका वर्षी त्यांचा एक कंद दोन माणसांनी मिळून उचलून काट्यावर ठेवला होता.

सकाळी नातवाबरोबर रानात गेलो. वनखात्यानं आखून दिलेल्या वाटेनंच. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, किंजळ, नाणा, मधूनच वेतांची जाळी. झाडांच्या माथ्यावर धुकं अडकलेलं. एकाएकी वर आवाज झाला. घसाघसा, तालात, कुणीतरी उंचावर भलंमोठं सूप पाखडतंय तसा. नातू थांबला, हात वर केला. राजधनेश. जोडी होती. पंखांवरचे पिवळसर पांढरे पट्टे, चोचीवरचं पिवळं शिंग. कोकणात काही ठिकाणी या पक्ष्याला ककणेर म्हणतात. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार चिखल-विष्ठेनं लिंपते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर महिनोन्‌महिने त्या फटीतून फळं भरवतो. एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली मिळायला झाड शंभर वर्षांचं तरी हवं. मलबारी कवड्या, मलबारी राखी आणि साधा राखी धनेशही याच रानात आहेत. दांडेलीत २०१८पासून त्यांच्या नावानं उत्सव भरतो.

"आमच्या घरात एक ढोलीचं झाड आहे," नातू म्हणाला. घरात म्हणजे त्यांच्या देवराईत. तिथलं लाकूड तोडायचं नाही, पडलेलं न्यायचं नाही. त्याची आजी, तिची सासू, तिचीही सासू, सगळ्या ते पाळत आल्या.

या रानातल्या माणसांचं ज्ञान खरं निघाल्याचा एक किस्सा मला ठाऊक होता, तो मी त्याला सांगितला. १९७०च्या दशकात कर्नाटकातला बांबू झपाट्यानं संपू लागला. कागद गिरण्यांना लागणारा बांबू इथल्या रानातून जात होता. गिरणीवाले आणि वनखाते दोष द्यायचे तो गावकऱ्यांच्या तोडीला आणि गुरांना. राज्य सरकारनं परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. ठेकेदारांची माणसं ते साफ करायची, बेट मोकळं केलं की वाढ चांगली होते अशी समजूत. गावकरी म्हणत होते, काटे काढू नका, काट्यांमुळेच कोवळा कोंब वाचतो. गाडगीळांच्या पाहणीत गावकऱ्यांचंच बरोबर निघालं. काटे काढलेल्या बेटातले कोंब गुरं, माकडं, सांबरं फस्त करत होती. नातवानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे आजीला सांगायला अभ्यास लागत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पण कागदावर आलं ते बरं झालं."

त्याच्या बोलण्यातला तो दुसरा भाग माझ्या मनात दिवसभर राहिला.

अणशीच्या आसपासच्या वाड्यांतून माणसं उठून जाताहेत. व्याघ्र प्रकल्पातून स्वखुशीनं बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला केंद्राच्या योजनेत दहा लाख मिळायचे, २०२१पासून पंधरा. जाणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला खुर्चीत बसवून वाहून न्यावं लागतं तिथे पंधरा लाख आणि डांबरी रस्त्यावरचं घर ही फार मोठी गोष्ट आहे. वाघाला मोकळं रान हवं, हेही मला मान्य आहे. पण एक वाडी उठली की तिच्याबरोबर कोणते कंद जातात, कोणत्या देवराईचा वेळीप, म्हणजे पुजारी, जातो, कोणती गाणी जातात, याची मोजदाद कुठेही होत नाही. गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३मध्ये अनुसूचित जमातींत घेतलं. डोंगराच्या या बाजूचे त्यांचेच भाऊबंद तीच मागणी वर्षानुवर्षं करताहेत. आजींची धाकटी बहीण गोव्यातल्या काणकोणात नांदते. तिची नातवंडं जमातीच्या दाखल्यावर शिकताहेत, आजींची नाहीत.

अणशीहून कुंभारवाडा, तिथून फाट्यानं उळवी. बाराव्या शतकात कल्याणात बसवण्णांच्या शरणांवर संकट आलं, तेव्हा त्यांचे भाचे चन्नबसवण्णा वचनांचा ठेवा घेऊन या दाट रानात आले, अशी श्रद्धा. त्यांची समाधी इथे आहे. माघात जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांची रांग लागते. मी गेले तेव्हा गाभाऱ्यात फार तर दहा जण होते. आठशे वर्षांपूर्वी आपला ठेवा वाचवायला माणसांनी याच रानाचा आसरा घेतला, एवढंच मनात धरून मी बाहेर आले. कवळ्याच्या चुनखडीच्या गुहा, काणेरी नदीकाठचा सिंथेरीचा तीनशे फुटी कातळ, कॅसल रॉकजवळच्या कुवेशीचा झाडांच्या माथ्यावरून जाणारा झुलता पूल, ही सगळी पाहण्यासारखी ठिकाणं याच तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत. या खेपेला ती राहिली. माझं लक्ष पुढे लागलं होतं.

गणेशगुडीला सुपा धरण दिसलं. १०१ मीटर उंच. समोर पाणीच पाणी, मधूनमधून टेकड्यांचे माथे बेटांसारखे. पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर. इथेच काळी आणि पांढरी या दोन नद्यांचा संगम होता. काळी आणि पांढरी! संगमाच्या काठावर सुपा. कानडा जिल्ह्याच्या १८८३च्या गॅझेटियरात सुप्याची नोंद आहे. १९८०च्या दशकात धरण पुरं झालं, तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली आणि संगमासकट गाव पाण्याखाली गेलं. धरणाजवळ उभं राहून मी सुप्याच्या नावाचा एखादा फलक शोधत होते. धरणाची उंची, विजेचे आकडे हे वाचायला मिळतं. इथे कोण राहत होतं, ते वाचायला मिळत नाही.

मला दोन ठिकाणं आठवली. काही वर्षांपूर्वी मुलाकडे युरोपात गेले होते तेव्हा स्वित्झर्लंडमधलं बालेनबेर्ग पाहिलं. १९७८साली सुरू झालेलं उघड्यावरचं संग्रहालय. देशाच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरं, जी पाडली जाणार होती, ती एकेक वासा मोजून, क्रमांक घालून उतरवली आणि तिथे पुन्हा उभी केली. शंभरावर घरं. चुली पेटलेल्या असतात, कुणी पाव भाजतं, कुणी लाकूड तासतं. घरावर पाटी असते, हे कुठल्या गावचं, किती सालचं. दुसरं ठिकाण भूतान, तिथे मात्र मी गेलेले नाही, वाचलंय. आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याच्या तिपटीएवढा तो देश. पारोच्या जुन्या टेहळणी बुरुजात त्यांनी १९६८साली राष्ट्रीय संग्रहालय उघडलं आणि देशाची किमान साठ टक्के भूमी कायम जंगलाखाली राहील असं २००८च्या राज्यघटनेत लिहून ठेवलं. रान राखायचं आणि रानातल्या माणसाच्या वस्तू, घरंही राखायची, ही दोन्ही कामं डोंगरातली छोटी राष्ट्रं एका हातानं करतात. जोयडा तालुक्याचं रान आपण राखलं. दुसरं काम अजून हाती घेतलेलं नाही.

रामनगरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. हे गाव सुप्याच्या विस्थापितांसाठी वसवलेलं. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट. आत्या ओसरीत बसून होती. आता तिला नीट दिसत नाही. "किती उशीर केलास गं," म्हणाली आणि लगेच, "धरणावरून आलीस ना? पाणी कुठवर आहे?" मी सांगितलं, भरपूर आहे. ती गप्प झाली. मग तिनं हात धरून मला दाराशी नेलं.

दाराची चौकट सागाची, जाड, वरच्या पट्टीवर कमळ कोरलेलं. इतकी वर्षं मी त्या दारातून ये-जा केली, कधी निरखून पाहिली नव्हती. सुप्याच्या घराची चौकट. घर सोडताना मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, कौलं, वासे, चौकटी ट्रकमध्ये घालून आणल्या. पण नवं घर बुटकं. चौकट बसेना. सुताराला सांगून खालून दोन्ही पाय वीतभर कापावे लागले. "मामा त्या दिवशी जेवले नाहीत," आत्या म्हणाली. कापलेले दोन्ही तुकडे तिनं टाकू दिले नाहीत. देवघरात समई त्यांच्यावरच ठेवलेली असते. तिनं एक तुकडा माझ्या हातात दिला. एका बाजूला करवतीच्या खुणा, दुसऱ्या बाजूला झिजून गुळगुळीत झालेली कड. पिढ्यान्‌पिढ्या त्याला घासून पाय गेले होते.

मग ट्रंक उघडली. मामलेदार कचेरीसमोर उभे मामा, बाजाराच्या दिवशीची गर्दी, पुलावर छत्री घेतलेल्या दोन बायका. सगळे मिळून अकरा फोटो. आत्यानं बोटानं चाचपत माणसं ओळखली. फोटो मागून कोरे होते. पुलावरच्या दोन बायकांपैकी एकीचं नाव तिला आठवलं, दुसरीचं नाही, आणि आता ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. मी रात्री पेन्सिल घेऊन प्रत्येक फोटोच्या मागे ती सांगेल ते लिहीत बसले.

सुप्याचं एक घर, एक तरी, जोयड्यात किंवा रामनगरात पुन्हा उभं राहायला हवं. त्याच्या परसात अणशीच्या आजींच्या नऊ कंदांचे वाफे हवेत आणि ते दाखवायला कुणबी बायकाच हव्यात, मानधनावर. त्यासाठी लागणारी लाकडं आज रामनगरच्या घराघरांत चौकटी, वासे, पाट होऊन पडली आहेत. ती जळणात जाण्याआधी जिल्हा प्रशासनानं, वीज विकणाऱ्यांनी आणि सुप्याचं नाव ज्यांच्या घरात अजून घेतलं जातं त्या सगळ्यांनी हे काम हाती घ्यावं. आणि वाचकहो, तुमच्याकडे सुप्याचा एखादा फोटो, पत्र, सातबारा, शाळेचा दाखला असेल तर तो आजच काढा. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा आणि मागे पेन्सिलीनं साल, जागा आणि माणसांची नावं लिहून ठेवा.